भोंग्यावरचं नाव

धामणखेडच्या स्टँडवर भगवंतराव उलेमाल्यांचं तोंड फार थोड्या लोकांनी धड पाहिलं असेल, पण त्यांचा आवाज ओळखत नाही असा माणूस आसपासच्या खेड्यांत शोधूनही सापडायचा नाही. चौकशी खिडकीच्या जाळीमागे एक चष्मा आणि एक पांढरी मिशी दिसायची, तेवढेच भगवंतराव. बाकीचे सगळे भगवंतराव भोंग्यात. टपरीवर जाऊन त्यांनी नुसती सुपारी मागितली तरी शेजारचा माणूस वळायचा आणि विचारायचा, "शिरपूरची गाडी गेली काय हो भाऊ?" भगवंतराव नुसती मान हलवायचे. ड्युटीबाहेर एक शब्द जास्त खर्च करायची त्यांची तयारी नसे.

हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा. आल्या-गेल्या गाड्यांची नोंद करायची, कंडक्टरच्या कागदावर शिक्का मारायचा आणि भोंग्यावर गाड्या पुकारायच्या. त्यांच्या शिक्क्याशिवाय गाडी फलाट सोडत नाही, हे ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर शिव्या खायच्या असतात. गाडी उशिरा आली तर शिव्या खिडकीला, आलीच नाही तर खिडकीला, आणि वेळेवर येऊन जागा मिळाली नाही तरी खिडकीलाच. तरुणपणी ते कंडक्टर होते. उभ्याने तिकिटं फाडून फाडून कंबर गेली तेव्हा साहेबांनी त्यांना या खुर्चीवर बसवलं. मग बरोबरीची माणसं रिटायर होत गेली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि दोघांचं काम एकट्या भगवंतरावांच्या अंगावर पडलं. साखर वाढली, घसा बसला. डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हणून सांगितलं. त्यावर भगवंतरावांना हसूसुद्धा आलं नाही.

गावाला लागून त्यांचा थोडासा मळा आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. तो बायको गिरजाबाई बघतात आणि बाजारात त्याच बसतात. लग्न झालं तेव्हा नवऱ्याच्या गाडीतून त्या उगाच दोन गावं पुढे जाऊन यायच्या म्हणे. आता म्हणतात, "घरी आले का तोंड उघडत नाहीत. अन् उघडलं का गाडी पुकारल्यावानी बोलतेत. माह्या नशिबी भोंगाच आला." भगवंतरावांना हे पटतं. भांडायला लागणारा आवाज त्यांच्याकडे उरलेला नसतो, एवढंच.

या सगळ्या रगाड्यात एकच काम असं होतं की ते करताना भगवंतरावांना अजून बरं वाटायचं. हरवलेल्या माणसांना पुकारायचं. लग्नसराईत, बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी खिडकीशी येणारच. कोणाचा म्हातारा बाप चुकीच्या फलाटावर गेलेला, कोणाचं लेकरू रसवंतीपाशी अडकलेलं. भगवंतराव नाव विचारायचे, गाव विचारायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "अमुक अमुक, राहणार अमुक गाव, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. आपली माणसं आपली वाट पाहत आहेत." हे शेवटचं वाक्य कुठल्या नियमात नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं. गर्दीत घाबरलेल्या माणसाला ते ऐकून धीर येतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच यायचा. माणूस धडपडत खिडकीशी यायचा, घरच्यांना बघून आधी चिडायचा, मग रडायचा, आणि सगळे मिळून आपली गाडी गाठायला पळायचे. भगवंतरावांचे आभार मानायचं कोणाच्या ध्यानात नसे, आणि त्यांचीही तशी अपेक्षा नव्हती.

पुकारायला सांगणारा माणूस कोण, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. का विचारावं? जीव टांगणीला लागलेल्या माणसाला तू कोण, तुझा काय संबंध, असं विचारणं आपल्याकडे बरं दिसत नाही.

तर होळीच्या आधी स्टँडवर एक प्रशिक्षण झालं. ड्रायव्हर-कंडक्टर जिथे पाठ टेकतात त्या हॉलमधल्या खाटा भिंतीला लावल्या, सतरंजी घातली आणि वाशिमहून आलेल्या प्रियदर्शनी मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. बालसंरक्षणाच्या कामात होत्या. वयाने भगवंतरावांच्या मुलीएवढ्या. वेळ जेवणानंतरची, पंखा फक्त एका बाजूचा चालू, आणि समोर रात्रपाळी करून आलेली माणसं. अशा सभेत बोलायला छाती लागते, आणि ती मॅडमकडे होती.

"माणसं विकतात म्हणजे पोत्यात घालून नेतात असं समजू नका," त्या म्हणाल्या. "बहुतेक पोरी तिकीट काढून, खिडकीची जागा धरून जातात. तुमच्याच गाडीतून. नेणारा ओळखीचा असतो. मावशी असते, गावचा मुकादम असतो, लग्न जुळवणारा असतो." मग त्यांनी खुणा सांगितल्या. मुलगी गप्प असते. तिकिटं, फोन, कागद सगळं सोबतच्या माणसाकडे असतं. कुठे चाललोय ते तिला सांगता येत नाही. कोणी काही विचारलं तर उत्तर तोच देतो.

धरमसिंग राठोड नावाचा कंडक्टर मागे भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मॅडम, हे तर लगनसराईतल्या सगळ्या नवऱ्याच झाल्या की. नवरी बोलत नाही, तिकीट नवरदेवाजोळ, अन् सासरचं गाव तिनं पाह्यलेलंच नसते."

हॉल हसला. मॅडमही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "खरं आहे दादा. म्हणूनच ते लोक पोरीला नवरी करून नेतात." त्यावर कोणाला हसू आलं नाही. शेवटी त्यांनी मदतीच्या नंबराचे स्टिकर वाटले आणि बजावलं, की शंका आली तर स्वतः पोलीस होऊ नका, वाद घालू नका, फक्त फोन करा. भगवंतरावांनी आपला स्टिकर खिडकीच्या काचेला चिकटवला. मॅडमनी ड्रायव्हरला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, पण भोंग्याचा विषय त्या दुपारी कोणी काढला नाही. भगवंतरावांच्याही डोक्यात तो आला नाही. त्यांना झोप येत होती.

पुढे व्हायचं तेच झालं. सगळ्यात जास्त हसवणाऱ्या धरमसिंगनेच प्रशिक्षण मनावर घेतलं. एक दिवस त्याच्या गाडीत एक मुलगी रडत बसलेली, शेजारी एक तरुण. धरमसिंगने सरळ तिलाच विचारलं, "हा कोन हाये तुमचा? नाव सांगा याचं." मुलीने मान खाली घातली. त्याने पुन्हा विचारलं. तिने पदर तोंडाला लावला. नाव सांगता येत नाही म्हणजे नक्कीच भानगड, असं समजून धरमसिंगने गाडी थेट पोलीस ठाण्यासमोर उभी केली. तिथे उलगडा झाला की कालच लग्न लागलेलं होतं, मुलगी माहेर सुटलं म्हणून रडत होती, आणि चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं म्हणून गप्प होती. धरमसिंगच्या स्वतःच्या बायकोने आजवर त्याचं नाव घेतलेलं नाही. ती त्याला 'भाऊसिंगचे पप्पा' म्हणते. पण ऐन वेळी हे त्याच्या डोक्यात येईल तर तो धरमसिंग कसला! नवरदेवाच्या काकाने अर्ज ठोकला, धरमसिंगला खुलासा मागणारी नोटीस आली, आणि सगळ्या स्टँडने ते प्रशिक्षण गुंडाळून ठेवलं. चांगलं करायला जावं आणि वर आपणच गुन्हेगार, असं जो तो म्हणू लागला. भगवंतरावही मनातून तेच म्हणत होते. दिवाळीला त्यांची रिटायरमेंट होती. मागे चौकशी लागली की पेन्शनचे कागद कसे अडतात, ते त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

मे महिन्यातली भर दुपार. वऱ्हाडांनी स्टँड भरून गेलेलं. पत्र्याखाली माणूस उकडून निघत होता आणि भगवंतरावांच्या घशातून आवाज खरवडून काढावा लागत होता. तेवढ्यात खिडकीशी एक माणूस आला. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, बोलणं नम्र.

"साहेब, भाची हाये जी माही. पानी प्यायले म्हनून गेली, दिसूनच नाही राह्यली. जरा पुकारता काय?"

"नाव, गाव?"

"तनुजा डाखोरे. खडकीची."

भगवंतरावांनी पुकारलं. कोणी आलं नाही. माणूस हात जोडून म्हणाला, "अजून एकडाव घ्या ना साहेब. लेकरू हाये, घाबरली असन." भगवंतरावांना त्याची कणव आली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सगळा जीव आवाजात ओतून पुन्हा म्हटलं, "तनुजा डाखोरे, राहणार खडकी, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. आपली माणसं आपली वाट पाहत आहेत."

बायकांच्या संडासाच्या बाजूने एक पोरगी धावत आली. चौदा-पंधरा वर्षांची, शाळेच्या दप्तरात कपडे कोंबलेली. चेहरा इतका फुललेला, की भगवंतराव तसल्या गर्दीतही तिच्याकडे बघत राहिले. खिडकीपाशी येऊन तिने त्या माणसाला पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं. मग खांबावरच्या भोंग्याकडे पाहिलं. आणि बघता बघता तो चेहरा विझला. माणसाने तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून स्वतःकडे घेतलं, "बरं झालं जी साहेब," म्हणाला, आणि तिला घेऊन अकोल्याच्या गाडीत चढला. पोरगी एक अक्षर बोलली नाही.

भगवंतरावांना ते खटकलं. पण खटकलेल्या सगळ्या गोष्टींमागे जायचं तर नियंत्रकाने नोकरी सोडावी. रुसली असेल, ओरडा बसला असेल, असं म्हणून त्यांनी पुढची गाडी पुकारायला घेतली.

तेवढ्यात कोणीतरी जाळीवर थाप मारली. दुर्गाबाई. स्टँडवरचे संडास धुणारी. हातात ओला खराटा तसाच.

"काहून बोलावलं हो तिले?" दुर्गाबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की रांगेतली माणसं मागे सरली. "मघापासून माह्याजोळ लपून बसेल होती ती! तो मानूस तिले विकाले नेऊन राह्यला. मी म्हनलं, पोरी, बस इथंच, हातातलं आवरते अन् साहेबाइले सांगून येते. तं तुमचा भोंगा वाजला. म्या हात धरला तिचा. मले म्हने, सोडा मावशी, माय आली माही! साहेब खोटं बोलतीन काय?"

भगवंतरावांना एकदम खूप थकल्यासारखं झालं. उन्हाचा, साखरेचा, घशाचा सगळा थकवा एकीकडे आणि हा एकीकडे. त्या माणसाला पोरगी सापडत नव्हती. ती लपलेली होती, सुरक्षित होती. तिला तिथून काढून त्याच्या हातात कोणी दिलं? यांनी. तेही दोनदा, आणि गोड आवाजात. स्वतःची इतकी चीड त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.

अकोल्याच्या गाडीचा कंडक्टर कागद घेऊन शिक्क्याला आला. तो नेमका धरमसिंग होता. भगवंतरावांनी कागद घेतला, घडी घालून टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला.

"काय झालं भाऊ?"

"गाडी नाही सुटत."

धरमसिंगने काचेवरच्या स्टिकरकडे पाहिलं, मग दुर्गाबाईंकडे, आणि त्याला कळून चुकलं. "भाऊ, हात जोडतो. मले नका गुतवू. एक नोटीस खिशातच हाये माह्या."

"तुले कोन गुतवून राह्यलं? तू जाय, चहा पे. शिक्का माह्याजोळ हाये, जे काय होईन ते मले होईन." भगवंतरावांनी खणाला किल्ली लावली. पेन्शन, चौकशी, नवरदेवाच्या काकासारखा कोणी काका, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तरी त्यांनी फोन उचलला. आधी स्टिकरवरच्या १०९८ ला, मग प्रियदर्शनी मॅडमना. मॅडम कारंजा लाडला एका कामावर होत्या. म्हणाल्या, "निघालेच. पोलिसांनाही सांगते. काका, तोवर गाडी धराल?"

"शिव्याच खायच्या हायेत ना," भगवंतराव म्हणाले. "सवय हाये."

तांत्रिक कारणामुळे अकोला गाडीला उशीर होईल, अशी घोषणा त्यांनी केली. गाडीतून शिव्यांचा वर्षाव सुरू झाला. जरा वेळाने पांढरा शर्ट खिडकीशी आला. आधी नम्रपणे म्हणाला की अकोल्याहून पुढची रेल्वे आहे. मग जरा कमी नम्रपणे. मग म्हणाला, "राहू द्या तुमची गाडी, आमी जीपनं जातो." तो पोरीला उतरवायला गाडीत गेला, तर तिच्या सीटवर दुर्गाबाई.

खराट्यासकट गाडीत चढून त्या पोरीच्या आणि वाटेच्या मधे बसल्या होत्या. "सरका," तो म्हणाला. "मले चक्कर आली," दुर्गाबाई म्हणाल्या, "मी नाही सरकत." त्यांच्या अंगाला फिनाइलचा वास येत होता, लोक नाकाला रुमाल लावत होते, बाईला खाली उतरवा म्हणून ओरडत होते. पण त्यांना हात लावायला एकही पुढे झाला नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीपायी त्यांनी अपमान सोसला, ती त्या दिवशी अशी कामाला आली.

पोलीस आले, पाठोपाठ मॅडम आल्या. आता सगळं सुरळीत झालं असं वाटेल तर तसं नाही. पांढऱ्या शर्टाने शांतपणे फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे पोरीचा बाप होता. तो म्हणाला, "मीच धाडली तिले. लगन जमवलं हाये. तुमी कोन अडवनारे?" गाडीतले चार-पाच जण लगेच म्हणाले, अहो, बापच सांगतोय ना, मग तुम्हाला काय करायचंय? मॅडमनी आवाज न चढवता विचारलं, पोरगी कितवीत आहे? बाप जरा थांबला. "नववीत," म्हणाला. "मग लग्न कसलं?" मॅडमनी विचारलं. फोन बंद झाला. पोलिसांनी त्या माणसाला जीपमध्ये बसवलं. भगवंतरावांनी खणातून कागद काढला, शिक्का मारला, आणि गाडी सुटली. जाता जाता खिडकीतून एक जण ओरडलाच, "फालतू टाइम खाल्ला बाप्पा लोकाइचा!"

तनुजाला वाशिमला बालकल्याण समितीपुढे न्यायचं होतं. मॅडम ठाण्यातलं लिखापढीचं काम उरकून गाडी घेऊन येणार, तोवर ती भगवंतरावांच्या खोलीत स्टुलावर बसली. दुर्गाबाईंनी तिला चहा आणून दिला आणि त्या कामावर गेल्या. भगवंतरावांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "माहं चुकलं बेटा. कोन पुकारून राह्यला ते म्या पाह्यलंच नाही."

पोरगी रागावलेली दिसली नाही. तिने विचारलं, "माय नाही आली काय मंग?"

"नाही."

"तुमी म्हनलं ना, आपली मानसं. मामा माहं मानूस नाही. मले वाटलं मायच आली."

हळूहळू तिने सांगितलं. तिची आई निता, दोन वर्षांपूर्वी याच माणसाने कामाला म्हणून नेली, सुरतेकडे. गावात सगळे त्याला मामा म्हणतात. सुरुवातीला आईचा फोन यायचा. मग कमी झाला, मग बंद झाला. आता तोच मामा म्हणाला, चल, तुला आईकडे नेतो. म्हणून ती आनंदाने निघाली. स्टँडवर उतरल्यावर तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, नवरी घेऊन निघालो, नवरदेवाले तयार ठेवा. ते तिने ऐकलं आणि ती जाऊन लपली.

"बाप काय म्हने?"

"बाप म्हने, जाय." एवढं बोलून ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. भगवंतरावांना पुढे काही विचारवलं नाही. माणसाने किती ऐकावं यालाही काही सीमा असते.

थोड्या वेळाने तिने टेबलावरच्या माइककडे बोट केलं. "मायचं नाव घ्या ना याच्यावर."

"तुही माय इथं नाही ना पोरी."

"कोनाले मालूम? गाडीनं आली असन. गर्दीत असन. तुमी नाव घेतलं का मानूस येते. मी नाही का आली?"

समजावून सांगता आलं असतं, की बाई, भोंगा फाटकाच्या बाहेरही धड ऐकू जात नाही, तो सुरतेला कसा जाईल? पण मघाशी त्यांनी तिला नको ते दिलं होतं. आता ती मागत होती ते नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी बटण दाबलं. आवाज फुटायला दोनदा खाकरावं लागलं. "निता डाखोरे, राहणार खडकी. जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. तुमची मुलगी तनुजा इथे आहे." नेहमीचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते पुन्हा तोंडात घ्यायची त्यांना लाज वाटली.

पोरगी उठून जाळीला नाक लावून उभी राहिली. फलाटावर माणसं जात-येत होती. आणि गर्दीतून खरंच एक बाई घाईघाईने आली, डोक्यावर गाठोडं, धापा टाकत. तनुजाने जाळी घट्ट पकडली.

"मी निता," बाई म्हणाली. "आसेगावची. मले बोलावलं काय? माह्या पोरीले काही झालं काय जी?"

तनुजाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग जाळी सोडून ती स्टुलावर जाऊन बसली.

"नाही बाई, दुसऱ्या निताले बोलावलं," भगवंतराव म्हणाले. बाईचा जीव भांड्यात पडला. ती वळलीही. मग जाळीतून आत बसलेली पोरगी तिला दिसली, आणि काय समजायचं ते ती समजली असावी. तिने गाठोडं खाली ठेवलं, फडक्यातली भाकर आणि ठेचा काढून आत दिला. "खाऊन घे माय," म्हणाली, आणि आपली गाडी लागलीय हे बघून पळाली. तनुजाने भाकर खाल्ली. खाताना तिची नजर फाटकावरच होती. भगवंतरावांनी तोंड वळवून कागद चाळायला घेतले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि हे वय रडायचं नव्हे.

मॅडमची गाडी आली. तनुजाने दप्तर खांद्याला लावलं, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"साहेब, मी गेल्यावर माय आली तं सांगा, मले वाशिमले नेलं म्हनून."

"सांगतो," भगवंतराव म्हणाले.

तिचं समाधान झालं. ती मुकाट्याने गाडीत जाऊन बसली. दुपारी या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून ती त्या माणसाच्या हाती लागली होती, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून निघाली. गाडी फाटकाबाहेर गेली. खिडकीशी आलेल्या पुढच्या माणसाने शिरपूरची गाडी कुठे लागेल म्हणून विचारलं. भगवंतरावांना ते ऐकू आलं होतं, पण त्यांची नजर फाटकावरच होती.